संस्कृत शिकलेल्या मुलीने ग्रीक-लॅटिनकडे वळावे का?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: मुलगी अकरावीला कला शाखेत आहे, दहावीला तिचे पूर्ण शंभर गुणांचे संस्कृत होते आणि तिला इंग्लंडमध्ये जाऊन क्लासिक्स हा विषय पदवीला घ्यायचा आहे. लॅटिनचे अक्षरही येत नसताना ती तिथे टिकेल का, भाषांतरांवरून शिकवणारा अभ्यासक्रम घेतलेला बरा का, आणि पुढे पोटापाण्याचे काय, हे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी स्वतः पुण्यात संस्कृत शिकलो, नंतर या विषयाकडे वळलो आणि गेली बावीस वर्षे इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात ग्रीक व लॅटिन शिकवतो आहे. त्यामुळे या वाटेवरचे खड्डे मला बऱ्यापैकी ठाऊक आहेत, आणि त्यांतल्या काहींत मी पडलोही आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. क्लासिक्सला मराठीत ‘अभिजात विद्या’ म्हणतात, पण २०२४ साली मराठीला मिळालेल्या अभिजात भाषेच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. इथे क्लासिक्स म्हणजे प्राचीन ग्रीस आणि रोम यांच्या भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, कला आणि उत्खननशास्त्र असा एक मोठा गठ्ठा असतो. गठ्ठ्याची गाठ मात्र भाषेची आहे आणि पहिली दोन वर्षे बहुतेक वेळ तिच्यातच जातो. मुलीला ग्रीक पुराणकथा आवडतात, ती अथेन्सच्या लोकशाहीवर भरभरून बोलते, एवढ्यावर निर्णय घेऊ नका. रोज दोन-तीन तास कोश, व्याकरण आणि पंचवीस ओळी घेऊन बसणे तिला आवडेल का, एवढेच पाहा. माझ्या अनुभवात या पदवीत मुले रमली किंवा कंटाळली ती याच एका गोष्टीवरून.

टिकण्याबद्दल काळजी नको. ऑक्सफर्डला ग्रीकची सक्ती १९२० साली गेली, केंब्रिजला त्याच्या एक वर्ष आधी, आणि दोन्हीकडची लॅटिनची सक्ती १९६० साली उठली. आज ब्रिटनमधल्या बहुतेक सरकारी शाळांत या भाषा शिकवल्याच जात नाहीत, त्यामुळे कोरी पाटी घेऊन येणाऱ्यांची सोय करणे विद्यापीठांना भागच आहे. केंब्रिजचा क्लासिक्स ट्रायपॉस, म्हणजे तिथला पदवीचा अभ्यासक्रम, एरवी तीन वर्षांचा आहे, पण लॅटिन न येणाऱ्यांसाठी तो चार वर्षांचा होतो. पहिले वर्ष बव्हंशी लॅटिनला जाते आणि ग्रीक दुसऱ्या वर्षी सुरू होते. ऑक्सफर्डची पदवी मुळातच चार वर्षांची, आणि शाळेत या भाषा न झालेल्यांसाठी तिथेही वेगळी वाट आहे. लंडन, डरहॅम, एडिंबरा, सेंट अँड्र्यूज अशा ठिकाणीही अगदी मुळापासून सुरुवात करता येते. शेजारच्या बाकावरची मुले चांगल्या खासगी शाळांतून पाच-सहा वर्षे लॅटिन करून आलेली असतील आणि पहिल्या सहामाहीत त्यांच्यापुढे तिला आपण मागे आहोत असे वाटेल. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस हे अंतर बरेचसे भरून निघते, हे मी दरवर्षी पाहतो.

आता संस्कृतकडे येतो, कारण तुमच्या मुलीची खरी पुंजी तीच आहे. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच कुळातल्या असल्याचे सांगितले, हे वाक्य आपल्याकडे भाषणांत बरेचदा ऐकू येते. वर्गात त्याचा उपयोग फार साध्या ठिकाणी होतो. माझ्या इंग्रज विद्यार्थ्यांना विभक्ती म्हणजे काय हे कळायलाच महिना लागतो, कारण त्यांच्या भाषेत ती जवळपास उरलेलीच नाही. ‘देव’ शब्द चालवलेल्या मुलीला ‘डोमिनुस, डोमिनुम, डोमिनी’ पाहून धक्का बसत नाही. लॅटिनमध्ये सहा विभक्त्या आहेत आणि त्यांतली ‘अब्लातिव्ह’ नावाची विभक्ती आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींची कामे एकटीच करते. ग्रीकमध्ये हीच वाटणी निराळी झाली: पंचमीचे काम षष्ठीकडे गेले, तृतीया-सप्तमीचे चतुर्थीकडे. ग्रीकमध्ये द्विवचन आहे, अभ्यास होऊन, म्हणजे धातूचे पहिले अक्षर दुहेरी होऊन, बनणारा परोक्ष भूतकाळासारखा काळ आहे, ‘अभरम्’ मधल्या ‘अ’सारखा भूतकाळदर्शक आगम आहे (तिथे तो ‘ए’ होतो: ‘एफेरोन’), आणि आत्मनेपदाला समांतर असा मध्यम प्रयोगही आहे. हा मध्यम प्रयोग इंग्रज मुलांना समजावताना माझा घसा सुकतो, आणि संस्कृत झालेल्या मुलाला मी ‘आत्मनेपद’ एवढे म्हणून पुढे जातो. ‘नगरे जिते’ ही सति सप्तमी तिला येत असेल, तर लॅटिनमधले ‘उर्बे काप्ता’, म्हणजे ‘शहर काबीज झाल्यावर’, तिला वेगळे शिकवावे लागणार नाही. विभक्ती वेगळी असली तरी वाक्याची ठेवण तीच आहे.

उच्चारातही एक फायदा आहे, ज्याचा आपल्याला पत्ताच नसतो. ग्रीक लिपीतली फी, थीटा आणि खी ही अक्षरे अभिजात काळात महाप्राण होती, म्हणजे ओठ मिटून म्हटलेला ‘फळ’मधला फ, ‘थंड’मधला थ आणि ‘खडा’मधला ख. इंग्लंडमध्ये यांतल्या पहिल्या दोन अक्षरांचे उच्चार सर्रास इंग्रजी वळणाने होतात, कारण इंग्रजीत अल्पप्राण-महाप्राण हा भेद अर्थ बदलत नाही. सांगलीकडून आलेला एक विद्यार्थी पहिल्याच तासाला हे तीन वर्ण बरोबर उच्चारून गेला आणि वर्गातल्या कोणालाही ते लक्षात आले नाही. मला आले.

मराठीकडूनही मदत होते, आणि ती मला संस्कृतच्या मदतीइतकीच मोलाची वाटते. ग्रीक गद्य बारीक अव्ययांवर चालते. ‘मेन… दे’ ही जोडी इंग्रजीत ‘एकीकडे, दुसरीकडे’ अशी अवजड होते, पण मराठीत ‘तो तर आला, तू मात्र…’ मधले ‘तर’ आणि ‘मात्र’ हेच तिचे काम करतात. प्लेटोच्या संवादांत सॉक्रेटिसाशी बोलणारे पुन्हा पुन्हा ‘एमोइगे दोकेइ’ म्हणतात. यातल्या ‘एमोइ’चा अर्थ ‘मला’ आणि त्याला चिकटलेला ‘गे’ म्हणजे आपला ‘तरी’: ‘मला तरी असे वाटते’. बोलणारा पूर्ण होकार देत नाही, थोडे अंग राखून आहे, हे आपल्या कानाला लगेच जाणवते. इंग्रजी भाषांतरात हा ‘गे’ बहुतेक वेळा गळून पडतो.

आता खड्ड्यांकडे. पहिला माझ्या स्वतःच्या फजितीचा आहे. होमरच्या महाकाव्याचे वृत्त सहा गणांचे असते. प्रत्येक गण आपला भगण, म्हणजे गुरु-लघु-लघु, किंवा त्याऐवजी दोन गुरु, आणि शेवटचा गण दोनच अक्षरांचा. ‘यमाताराजभानसलगा’ पाठ असलेल्या मला हे किरकोळ वाटले. इलियडची पहिली ओळ ‘मेनिन अएइदे थेआ’ अशी सुरू होते. मी फळ्यापाशी गेलो आणि सगळे ‘ए’ गुरु धरून खुणा केल्या, कारण संस्कृतात ए आणि ओ नेहमी दीर्घच असतात. दुसऱ्या गणालाच ओळ मोडली. ग्रीकमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, तशीच ओकाराचीही. ‘मेनिन’मधला ए दीर्घ, पण ‘दे’ आणि ‘थे’ दोन्ही लघु. बरोबर मोजले तर ‘मे-नि-न’ हा भगण, ‘एइ-दे-थे’ हा दुसरा भगण आणि ‘आ-पे’ हे दोन गुरु, अशी ओळ सरळ चालते. (‘न’ पुढच्या स्वराला जोडला जातो, म्हणून ‘नि’ लघु राहतो, ही गंमत संस्कृतातही आहे.) देवनागरीत हे दोन ए वेगळे दाखवताच येत नाहीत, म्हणून तुमच्या मुलीने ग्रीक शब्द देवनागरीत लिहून पाठ करू नयेत. लॅटिनमध्ये तर दोन्हींना अक्षरही एकच आहे, तेव्हा तिथे शब्दागणिक लांबी लक्षात ठेवणे आलेच.

दुसरा खड्डा अप्रत्यक्ष कथनाचा, आणि आपल्या मुलांना हाच सर्वांत खोल वाटतो. संस्कृतात कोणी काय म्हणाले ते जसेच्या तसे सांगून पुढे ‘इति’ लावले की काम भागते. मराठीत ‘असे’ किंवा ‘की’ आहे. लॅटिन मात्र ‘तो येतो असे तो म्हणतो’ हे ‘त्याला येणे म्हणतो’ अशा धाटणीने सांगते: कर्ता द्वितीयेत जातो आणि क्रियापद तुमन्तासारख्या रूपात. एका वाक्यापुरते हे ठीक आहे. सीझरच्या गॉल युद्धाच्या वृत्तान्तात पहिल्याच पुस्तकात शत्रूच्या सरदारांची अख्खी भाषणे याच रीतीने दिलेली आहेत. परिच्छेदभर मूळ क्रियापद एकच, आणि बाकी सगळे त्याच्यावर लोंबकळते. कोण कोणाला काय म्हणतो आहे हे सुटले की अर्थ पार उलटा होतो. यावर एकच उपाय मला माहीत आहे: अशा उताऱ्याच्या प्रत्येक वाक्याचे आधी सरळ ‘इति’वाल्या संस्कृतात किंवा मराठीत रूपांतर करायचे आणि मग इंग्रजी लिहायला घ्यायचे.

तिसरी अडचण आपल्या शिकवण्याच्या रीतीतून येते. आपल्याकडे संस्कृताचे गुण नेमलेल्या धड्यांवर, पाठ केलेल्या सुभाषितांवर आणि ठरलेल्या रूपांवर मिळतात. इथे परीक्षेचे मुख्य हत्यार म्हणजे अपठित उतारा. कधी न पाहिलेल्या वीस-पंचवीस ओळी समोर येतात, कोश नाही, आणि दीड-दोन तासांत त्यांचे इंग्रजी करायचे असते. दहावीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळालेल्या मुलाला पंचतंत्रातली न नेमलेली गोष्ट नीट वाचता येईलच असे नाही. तुमच्या मुलीची आजच चाचणी घ्या: हितोपदेशातले, तिने न पाहिलेले एक पान तिला द्या आणि अर्धा तास थांबा. किती ओळी आल्या याकडे मी फारसे पाहणार नाही. शब्द अडल्यावर तिने ओळ सोडून दिली, की प्रत्यय पाहून अंदाज बांधला, एवढे पाहीन.

भाषांतरांवरून शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाबद्दल. प्राचीन संस्कृती किंवा क्लासिकल स्टडीज अशा नावाने ते ब्रिटनभर चालतात आणि त्यांत भाषेची सक्ती नसते. अमेरिकेत प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठानेही २०२१ साली आपल्या क्लासिक्सच्या पदवीतली ग्रीक-लॅटिनची अट काढली. ज्यांना इतिहास किंवा कला हवी आहे त्यांच्यासाठी हे चांगले शिक्षण आहे, आणि त्याला कमी लेखणारे माझे काही सहकारी मला पटत नाहीत. पण तुमच्या मुलीसाठी मी तो सुचवणार नाही. एक कारण म्हणजे पुढे संशोधनाकडे जायचे ठरले तर दोन्ही भाषा शिकाव्याच लागतात, आणि पंचविशीत त्या शिकणे जास्त महाग पडते. दुसरे कारण असे की तिच्याकडे असलेले संस्कृत तिथे वापराविना पडून राहील, आणि इतक्या दूर, इतका खर्च करून, इंग्रजी भाषांतरे तर ती घरबसल्याही वाचू शकेल.

भाषा हाती आली की वाचायला काय मिळते, याचे दोन नमुने देतो. इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलँडा नावाची रोमन छावणी होती. तिथे १९७३ सालापासून पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडत आहेत. इसवी सन १०० च्या सुमारास क्लाउडिया सेवेरा नावाच्या एका अधिकाऱ्याच्या बायकोने सुल्पिकिया लेपिडिना हिला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावले आहे. पत्र लेखनिकाने लिहिले असले तरी शेवटच्या काही ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या आहेत, आणि स्त्रीच्या हस्ताक्षरातले लॅटिन म्हणून जगात टिकलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी त्या वाचू शकतात. अडचण लॅटिनची कमी आणि अक्षर लावण्याची जास्त असते.

दुसरा नमुना आपल्या दाराशीच येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लुस’ म्हणून ती ओळखली जाते. तीत बारिगाझा म्हणजे भडोच, सुप्पारा म्हणजे सोपारा आणि काल्लिएना म्हणजे कल्याण आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, असे तो सांगतो. पैठणहून अकीक आणि तेरहून जाडेभरडे व तलम कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येत असे. त्याचे ग्रीक सोपे आहे, बाजारातले आहे, आणि दीड वर्ष भाषा शिकलेल्या मुलीला ते मुळातून वाचता येते. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली आणि आता तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात असलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती, किंवा कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांतले यवन (ग्रीकांसाठीचा जुना शब्द) दात्यांचे लेख, तिने नंतर पुन्हा पाहावेत. या विषयातले अजून न झालेले बरेचसे काम अशाच जागी आहे, आणि संस्कृत-प्राकृत आणि ग्रीक दोन्ही येणारी माणसे फार थोडी आहेत.

पाठचिकित्सेविषयी, म्हणजे हस्तलिखिते ताडून ग्रंथाचा मूळ पाठ ठरवण्याविषयी, मला खरे तर पानभर लिहायचे होते, पण एवढेच सांगतो. ग्रीक ग्रंथाच्या प्रमाण आवृत्तीत पानाच्या तळाशी हस्तलिखितांतले पाठभेद बारीक अक्षरांत दिलेले असतात आणि पहिल्या वर्षी मुले ते पाहतही नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती उघडा. तळाशी तीच मांडणी दिसेल. १९२५ पासून त्या कामाची सूत्रे सांभाळणारे वि. सी. सुकथनकर बर्लिनला ही शिस्त शिकून आले होते. ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर घासून तयार झालेली ही पद्धत त्यांनी महाभारताच्या वेगळ्या प्रकृतीप्रमाणे वळवून घेतली, आणि १९६६ साली आवृत्ती पूर्ण झाली.

पोटापाण्याचे आता. एके काळी ग्रीक-लॅटिन म्हणजे थेट सनदी नोकरीचा दरवाजा होता; आय.सी.एस.च्या परीक्षेत या भाषांना भरघोस गुण ठेवलेले असत आणि त्याचा फायदा उघडच इंग्रज मुलांना मिळे. अरविंद घोष ती परीक्षा याच भाषांच्या जोरावर उत्तीर्ण झाले, १८९२ साली केंब्रिजच्या ट्रायपॉसच्या पहिल्या भागात प्रथम वर्ग मिळवला आणि घोडेस्वारीची चाचणी न दिल्याने सनदी नोकरीऐवजी बडोद्याला गायकवाडांच्या सेवेत आले. आज तसा सरळ दरवाजा नाही. माझे बहुतेक विद्यार्थी वकिली, सनदी सेवा, प्रकाशन, संग्रहालये आणि हिशेबतपासणीत गेले. काही शाळांत लॅटिन शिकवतात आणि तिथे चांगल्या शिक्षकांची चणचण आहे. विद्यापीठातली कायम नोकरी मात्र दुर्मीळ झाली आहे. पीएच.डी.नंतर पाच-सात वर्षे एक-एक वर्षाच्या करारांवर गावोगाव फिरणारी हुशार माणसे मी पाहतो, तेव्हा ‘प्राध्यापक होईन’ या एकाच भरवशावर कर्ज काढू नका. परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क स्थानिकांच्या कितीतरी पट असते आणि पदवीच्या पातळीवर शिष्यवृत्त्या थोड्या. घरची ओढाताण होणार असेल तर पुण्या-मुंबईत संस्कृत किंवा इतिहासाची पदवी करून मग भाषा शिकायला बाहेर जाणे शहाणपणाचे ठरते. अमेरिकेत पेनसिल्वेनियासारख्या काही विद्यापीठांत पदवीनंतर एक-दोन वर्षे फक्त ग्रीक-लॅटिन पक्के करून घेणारे अभ्यासक्रम खास यासाठीच चालतात.

जायचेच ठरले तर हे वर्ष वाया घालवू नका. लॅटिन आधी सुरू करावे. डेन्मार्कच्या हान्स ओर्बर्ग यांचे पाठ्यपुस्तक पहिल्या ओळीपासून लॅटिनमध्येच लिहिलेले आहे. ते ‘रोमा इन इतालिया एस्त’ असे सुरू होते, आणि ‘एस्त’मध्ये तिला ‘अस्ति’ लगेच दिसेल. रोज पाऊण तास, मोठ्याने वाचून. ग्रीक लिपी आठवड्यात येते, ती सुट्टीत उरकावी. संगणकावर शब्दाला टिचकी मारली की विभक्ती, वचन, अर्थ सगळे दाखवणारी पर्सियससारखी साधने आणि डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी असलेली लोएब मालिकेची हिरवी (ग्रीक) आणि लाल (लॅटिन) पुस्तके पहिल्या वर्षी तिच्यापासून लांब ठेवा. दोन्ही उत्तम आहेत, मी रोज वापरतो, पण त्यांची सवय लागली की अपठित उताऱ्यापुढे हात बांधले जातात.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरावे लागतात, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्याही आधी. राज्य मंडळाच्या बारावीला कोण कितपत मान देते हे विद्यापीठागणिक बदलते. म्हणून येत्या उन्हाळ्यातच प्रवेश कार्यालयांना लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. त्या पत्रात दहावीचे संस्कृतचे गुण सांगून थांबू नका. तिने न नेमलेले काय वाचले, कोणत्या पानावर अडली आणि ती अडचण कशी सोडवली, हे तिच्या शब्दांत लिहिलेले असू द्या. अर्ज वाचणारी माणसे आमच्यासारखीच आहेत आणि आम्ही नेमके तेच शोधत असतो.